रुबीमधील क्लास व्हेरिएबल आणि क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल: सामाईक काय आणि स्वतःचे काय

रुबी भाषेत एका @ चिन्हाने सुरू होणारे नाव म्हणजे इन्स्टन्स व्हेरिएबल आणि दोन @@ चिन्हांनी सुरू होणारे नाव म्हणजे क्लास व्हेरिएबल, एवढे नवशिक्याला पहिल्या काही दिवसांतच कळते. तिसरा एक प्रकार मात्र बहुधा सांगायचा राहून जातो, कारण त्याला वेगळे चिन्हच नाही. तो दिसायला साध्या इन्स्टन्स व्हेरिएबलसारखा, एकाच @ चा असतो. पण तो एखाद्या ऑब्जेक्टचा (क्लासच्या साच्यातून तयार झालेल्या वस्तूचा) नसून खुद्द क्लासच्या मालकीचा असतो. त्यालाच क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणतात. नाव लांबलचक आणि गोंधळात टाकणारे आहे, तरी रोजच्या कामात दोन @@ पेक्षा त्याचीच गरज अधिक वेळा पडते, असे माझे मत आहे. ते मत का झाले, हे एका वाचनालयाच्या सभासदांचे उदाहरण घेऊन, एकेक पायरी हाताने करून पाहत समजून घेऊ.

तयारी

संगणकावर रुबीची ३.० किंवा त्यानंतरची आवृत्ती असावी. ही आवृत्ती २५ डिसेंबर २०२० रोजी आली आणि क्लास व्हेरिएबलच्या वागण्यात तिने दोन महत्त्वाचे बदल केले, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर खालील काही उत्तरे वेगळी दिसतील. कोड एखाद्या फाइलमध्ये लिहून चालवावा किंवा रुबीसोबत येणाऱ्या आयआरबी या संवादी खिडकीत टंकावा.

लेखातील कोड मी देवनागरीत लिहिला आहे. आपण टंकताना क्लास, डेफ, एंड, सेल्फ, सुपर, पुट्स यांसारखे रुबीचे स्वतःचे शब्द रोमन लिपीतच लिहावेत. व्हेरिएबलची आणि मेथडची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात, कारण २.० या आवृत्तीपासून रुबी प्रत्येक फाइल यूटीएफ-८ या, देवनागरीसह सर्व लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत आहे असे धरून चालते. क्लासच्या नावाला ही सवलत नाही. ते मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेदच नसल्याने क्लासची नावे रोमनमध्येच द्यावी लागतात. आकडेही इंग्रजीच (1, 2, 3 असे) हवेत. देवनागरी आकडा रुबीला आकडा वाटत नाही, ते एखाद्या व्हेरिएबलचे नाव आहे असे समजून ती त्याचा शोध घेऊ लागते आणि न सापडल्याने तक्रार करते.

पायरी पहिली: सेल्फ कोण, हे विचारायला शिका

पुढच्या सगळ्या गोंधळाची किल्ली एका प्रश्नात आहे: कोडच्या या ओळीवर सेल्फ कोण आहे? सेल्फ म्हणजे ती ओळ ज्याच्या वतीने चालत आहे तो. या प्रश्नाचे उत्तर रुबीकडूनच काढून घेता येते.

क्लास सभासद
  पुट्स सेल्फ

  डेफ ओळख
    पुट्स सेल्फ
  एंड

  डेफ सेल्फ.माहिती
    पुट्स सेल्फ
  एंड
एंड

ही फाइल चालवताच, एकही ऑब्जेक्ट तयार केलेला नसताना, पडद्यावर क्लासचे नाव उमटते. याचा अर्थ, क्लासच्या कोडमध्ये कोणत्याही मेथडच्या बाहेर लिहिलेली ओळ रुबी वाचता वाचताच चालवते आणि त्या वेळी सेल्फ म्हणजे तो क्लास असतो. त्यानंतर सभासद.न्यू.ओळख असे लिहिले, तर क्लासच्या नावापुढे एक लांब आकडा असलेली ओळ दिसते; तो त्या विशिष्ट ऑब्जेक्टचा पत्ता आहे, म्हणजे येथे सेल्फ हा ऑब्जेक्ट आहे. सभासद.माहिती असे लिहिले, तर पुन्हा क्लासचे नाव दिसते.

आता या क्लासचा एक सबक्लास, म्हणजे त्याचा वारसा घेणारा क्लास, करा: क्लास बालसभासद < सभासद, आणि लगेच एंड. आत काहीही लिहू नका. मग बालसभासद.माहिती असे विचारा. मेथड लिहिलेली आहे सभासद या क्लासमध्ये, पण उत्तर येते बालसभासद. मेथड वारशाने मिळते, सेल्फ मात्र ज्याला हाक मारली तोच राहतो. ही ओळ वाचून पुढे न जाता एकदा स्वतः चालवून पाहावी, कारण पाचव्या आणि सहाव्या पायरीचे सारे मर्म याच वागण्यात आहे.

यामागे रुबीची मूळ रचना आहे. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली लोकांसमोर आणलेल्या या भाषेत क्लास हा नुसता साचा नसतो, तोही एक ऑब्जेक्ट असतो. सभासद.क्लास असे विचारले, तर उत्तर येते क्लास. म्हणजे सभासद हा क्लास नावाच्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे. आणि प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची इन्स्टन्स व्हेरिएबल ठेवता येतात, तशी ती क्लासलाही ठेवता येतात. क्लास इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणून काही निराळी सोय भाषेत केलेली नाही. ‘क्लास हा ऑब्जेक्ट आहे’ या एका नियमातून ती आपोआप निघते.

पायरी दुसरी: सर्वांना सामाईक असा दाखल क्रमांक

वाचनालयात नवा सभासद आला की त्याला दाखल क्रमांक मिळतो. सभासद मोठा असो, लहान असो वा आजीव असो, दाखल नोंदवही एकच असते आणि क्रमांक ओळीने पुढे जातो. हे काम दोन @@ चे आहे.

क्लास सभासद
  @@शेवटचा_क्रमांक = ०

  डेफ इनिशियलाइझ(नाव)
    @@शेवटचा_क्रमांक += १
    @नाव = नाव
    @क्रमांक = @@शेवटचा_क्रमांक
  एंड

  डेफ क्रमांक
    @क्रमांक
  एंड
एंड

क्लास बालसभासद < सभासद
एंड

एक सभासद, मग दोन बालसभासद, मग पुन्हा एक सभासद असे चार ऑब्जेक्ट तयार करून प्रत्येकाचा क्रमांक विचारला, तर १, २, ३, ४ अशी अखंड मालिका मिळते. येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, @@शेवटचा_क्रमांक हा मूळ क्लास, त्याचे सर्व सबक्लास आणि त्या सगळ्यांचे ऑब्जेक्ट या सर्वांसाठी एकच आहे. दुसरी, ऑब्जेक्टच्या मेथडमधून तो थेट वाचता आणि बदलता येतो, मधे कोणतीही मेथड लागत नाही. तिसरी, त्याला आधी किंमत दिलेली असलीच पाहिजे. पहिली ओळ गाळली तर रुबी नेमएरर देऊन थांबते आणि असे क्लास व्हेरिएबल अस्तित्वात नसल्याचे सांगते. साध्या @ बाबतीत असे होत नाही: किंमत न दिलेला @ वाचला तर निल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळते आणि कोणी चकार शब्द काढत नाही. नवशिक्याला पहिले वागणे कडक वाटते, पण जाच होतो तो दुसऱ्याचाच.

सातबाऱ्यावरील सामाईक खाते डोळ्यांसमोर आणले, तर @@ चा स्वभाव चटकन कळतो. त्यात सर्व भावंडांची नावे असतात, हिस्सा वेगळा काढलेला नसतो आणि कोणीही केलेला बदल सर्वांच्या वाट्याला येतो. दाखल क्रमांकासाठी आपल्याला नेमके तेच हवे होते.

पायरी तिसरी: हेच हत्यार चुकीच्या जागी वापरून पाहा

आता वर्गणी घेऊ. साध्या सभासदाची वार्षिक वर्गणी ३०० रुपये, बालसभासदाची १०० रुपये आणि आजीव सभासदाची एकरकमी ५००० रुपये आहे, असे धरा. दुसऱ्या पायरीत @@ छान चालले म्हणून येथेही तेच लिहावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

क्लास सभासद
  @@वर्गणी = ३००

  डेफ सेल्फ.वर्गणी
    @@वर्गणी
  एंड
एंड

क्लास बालसभासद < सभासद
  @@वर्गणी = १००
एंड

क्लास आजीवसभासद < सभासद
  @@वर्गणी = ५०००
एंड

सभासद.वर्गणी असे विचारा. उत्तर ५००० येते. बालसभासद.वर्गणी विचारा, तेही ५०००. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पावतीवर पाच हजार छापले जातील. कोणताही एरर नाही, कोणतीही सूचना नाही, कोड वाचताना तर सगळे बरोबरच दिसते, कारण प्रत्येक क्लासमध्ये त्याचा त्याचा आकडा व्यवस्थित लिहिलेला आहे.

झाले ते असे. सबक्लासमध्ये @@वर्गणी = १०० ही ओळ आली, की रुबी आधी वारशाच्या साखळीत वर पाहते; त्या नावाचे क्लास व्हेरिएबल एखाद्या पूर्वजाकडे आधीच असेल, तर नवे तयार न करता त्याचीच किंमत बदलते. म्हणजे आपण ‘बालसभासदाची वर्गणी ठरवली’ असे समजत होतो, प्रत्यक्षात तीन वेळा एकच आकडा खोडून लिहिला आणि शेवटचा लिहिणारा जिंकला. साखळीत इन्क्लूड केलेली मॉड्यूलही (क्लासमध्ये मिसळलेले मेथडचे संच) येतात, त्यामुळे एखाद्या मॉड्यूलमध्ये त्याच नावाचे @@ असेल तर तेथेही हाच प्रकार घडतो.

शेवटचा लिहिणारा जिंकतो, ही बाब वाटते त्याहून घातक आहे, कारण शेवटी कोण येणार हे फाइली कोणत्या क्रमाने लोड होतात यावर ठरते. रेल्स ही रुबीतील वेबसाइट बनवण्याची चौकट वापरणाऱ्यांना याचा विशेष फटका बसतो. रेल्समध्ये आपल्या स्वतःच्या यंत्रावर काम करताना क्लास सहसा गरज पडेल तसे लोड होतात, तर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर, ते सगळे सुरुवातीलाच लोड केले जातात. परिणामी, आपल्या यंत्रावर आजीवसभासद या क्लासला कोणी हाकच मारली नाही, तर तो लोड होत नाही, बालसभासदाची वर्गणी १०० दिसते आणि आपण निर्धास्त राहतो. सर्व्हरवर मात्र आजीवसभासद शेवटी लोड झाला, तर तीच ५००० होते. ‘माझ्याकडे तर चालत होते’ हे वाक्य मी स्वतःही अशाच एका प्रसंगी पूर्ण प्रामाणिकपणे उच्चारले आहे.

याची उलट बाजूही एकदा पाहून ठेवावी. सबक्लासने @@वर्गणी आधी तयार केले आणि मूळ क्लासने तेच नाव नंतर वापरले, तर सुरुवातीला दोन वेगळी व्हेरिएबल असतात. पण मूळ क्लासचे तयार झाल्यावर सबक्लासमधून वाचायला गेलो की कोणते खरे मानावे हा प्रश्न उभा राहतो. जुन्या आवृत्त्या येथे इशारा देऊन पुढे जात. ३.० पासून रुबी रनटाइमएरर देते आणि सबक्लासच्या व्हेरिएबलवर वरच्या क्लासने ताबा मिळवल्याचे सांगते. त्याच आवृत्तीपासून कोणत्याही क्लासच्या बाहेर, फाइलच्या सर्वात वरच्या पातळीवर @@ वापरणे हाही एररच ठरतो. पूर्वी ते व्हेरिएबल ऑब्जेक्ट या मूळ क्लासला चिकटत असे आणि तेथून अख्ख्या प्रोग्रॅमला.

पायरी चौथी: वर्गणी क्लासच्या स्वतःच्या नावावर करा

वरच्या कोडमधील प्रत्येक @@वर्गणी मधील एक @ खोडा.

क्लास सभासद
  @वर्गणी = ३००

  डेफ सेल्फ.वर्गणी
    @वर्गणी
  एंड
एंड

क्लास बालसभासद < सभासद
  @वर्गणी = १००
एंड

क्लास आजीवसभासद < सभासद
  @वर्गणी = ५०००
एंड

आता तिन्ही क्लासना विचारले असता ३००, १०० आणि ५००० अशी बरोबर उत्तरे येतात, मग फाइली कोणत्याही क्रमाने लोड होवोत. पहिल्या पायरीतील प्रश्न येथे लावून पाहावा. @वर्गणी = १०० ही ओळ मेथडच्या बाहेर, बालसभासद या क्लासच्या अंगणात लिहिलेली आहे; तेथे सेल्फ हा बालसभासद आहे; म्हणून ते व्हेरिएबल त्या क्लासचे स्वतःचे झाले. पुढे बालसभासद.वर्गणी अशी हाक मारल्यावर मेथड मूळ क्लासची चालते, पण सेल्फ बालसभासदच राहतो आणि मेथडमधील @वर्गणी त्याच्याच खिशातून काढले जाते.

ऑब्जेक्टच्या मेथडमधून ही किंमत हवी असेल तेव्हा नवशिक्यांची हमखास एक चूक होते. पावती छापणारी मेथड अशी लिहिली जाते:

  डेफ पावती(वर्षे)
    @वर्गणी * वर्षे
  एंड

येथे सेल्फ हा ऑब्जेक्ट आहे, क्लास नाही. त्या ऑब्जेक्टने स्वतःची @वर्गणी कधी ठेवलेलीच नाही, म्हणून ती निल आहे आणि निलला गुणाकार येत नसल्याने नोमेथडएरर मिळतो. क्लासचा @ आणि ऑब्जेक्टचा @ यांचे नाव सारखे असले तरी मालक वेगवेगळे आहेत. क्लासकडून किंमत मागून घ्यावी लागते, आणि ती अशी:

  डेफ पावती(वर्षे)
    सेल्फ.क्लास.वर्गणी * वर्षे
  एंड

या ओळीत सेल्फ हा शब्द गाळता येत नाही. नुसते क्लास लिहिले, तर रुबीला वाटते की आपण नवा क्लास सुरू करत आहोत. आजीव सभासदाला वर्षांनी गुणणे अर्थातच चूक ठरेल. तेथे पावती ही मेथड त्या सबक्लासमध्ये पुन्हा लिहावी.

प्रत्येक व्हेरिएबलसाठी वाचायची आणि बदलायची मेथड हाताने लिहिण्याचा कंटाळा येत असेल, तर क्लासच्या आत क्लास << सेल्फ असा भाग उघडून त्यात ॲट्र_ॲक्सेसर :वर्गणी ही एकच ओळ लिहावी आणि एंडने भाग बंद करावा. सबक्लासनाही या मेथड वारशाने मिळतात. मात्र एक पथ्य आहे: क्लासच्या मेथडमधून किंमत बदलताना सेल्फ.वर्गणी = १५० असे पूर्ण लिहावे. सेल्फ गाळले, तर रुबी वर्गणी नावाचे एक तात्पुरते स्थानिक व्हेरिएबल तयार करते, ते मेथड संपताच नाहीसे होते आणि खरी वर्गणी जागची हलत नाही.

पायरी पाचवी: सबक्लासने काहीच सांगितले नाही तर?

वाचनालयाने उद्या विद्यार्थीसभासद हा नवा प्रकार काढला आणि त्यात वर्गणी लिहायची राहिली, तर विद्यार्थीसभासद.वर्गणी निल येईल. मेथड वारशाने मिळते, किंमत मिळत नाही. क्लास इन्स्टन्स व्हेरिएबलची ही खरी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. यामुळेच पुष्कळ जण परत @@ कडे वळतात. त्याची गरज नाही. वडिलांना विचारण्याची सोय मेथडमध्येच करावी:

  डेफ सेल्फ.वर्गणी
    @वर्गणी || सुपरक्लास.वर्गणी
  एंड

स्वतःकडे किंमत असेल तर ती द्यावी, नसेल तर वरच्या क्लासला विचारावे. आता विद्यार्थीसभासदाला ३०० मिळतात आणि मूळ वर्गणी उद्या ३५० केली तर त्यालाही आपोआप ३५० लागू होतात. दोन अटी सांभाळाव्यात. सर्वात वरच्या सभासद क्लासमध्ये किंमत असलीच पाहिजे, अन्यथा प्रश्न त्याच्याही वरच्या ऑब्जेक्ट या क्लासपर्यंत जाईल आणि त्याच्याकडे वर्गणी नावाची मेथडच नाही. तसेच किंमत फॉल्स असू शकत असेल, उदाहरणार्थ ‘पुस्तक घरी नेता येते का’ असा हो-नाही प्रश्न असेल, तर दोन उभ्या रेघांची ही युक्ती फसते, कारण फॉल्स दिसताच ती वरच्याला विचारायला जाते. तेथे इन्स्टन्स_व्हेरिएबल_डिफाइन्ड? ही मेथड वापरून व्हेरिएबल आहे की नाही, हे आधी तपासावे.

दुसरा मार्ग इनहेरिटेड या मेथडचा आहे. डेफ सेल्फ.इनहेरिटेड(नवा) अशी मेथड मूळ क्लासमध्ये लिहिली, की प्रत्येक सबक्लास जन्माला येताना, त्याच्या आतील कोड चालण्याआधी, रुबी तिला हाक मारते. तीत प्रथम सुपर (वरच्या क्लासची तीच मेथड चालवणारा शब्द) लिहून मग नवा.इन्स्टन्स_व्हेरिएबल_सेट(:@वर्गणी, @वर्गणी) असे लिहिले, तर वडिलांची किंमत मुलाकडे उतरते. पण ती त्या क्षणीची नक्कल असते. मूळ वर्गणी नंतर बदलली तरी मुलाकडे जुनीच राहते. कोणते वागणे हवे ते कामावर अवलंबून आहे. नियमावलीसारख्या गोष्टींसाठी मला विचारणारा मार्ग बरा वाटतो.

किंमत आकडा नसून यादी असेल, तर दोन्ही मार्गांत सावध राहावे. सबक्लासने वडिलांची यादी घेऊन तिच्यात << ने भर घातली, तर ती भर वडिलांच्याच यादीत पडते, कारण यादी एकच आहे, तिच्याकडे बोट दाखवणारी नावे दोन आहेत. नक्कल करताना ड्यूप वापरावे किंवा जुनी यादी अधिक नवा भाग अशी नवी यादी बनवून ती स्वतःच्या @ मध्ये ठेवावी. रेल्समधील क्लास_ॲट्रिब्यूट ही सोय किंमत वारशाने देते आणि सबक्लासला ती वडिलांना न दुखवता बदलू देते. पण << चा हा खड्डा तिच्यातही आहे. याउलट, रेल्समधीलच सीॲट्र_ॲक्सेसर ही सोय आतून @@ वापरते, हे नावावरून कळत नाही.

आणि किंमत कधी बदलणारच नसेल, तर व्हेरिएबलऐवजी कॉन्स्टंट ठेवावा. तो सबक्लासमध्ये नव्याने दिला तर वरचा बिघडत नाही. फक्त मूळ क्लासमध्ये लिहिलेल्या, ऑब्जेक्टच्या मेथडमधून वाचताना सेल्फ.क्लास::  असे पुढे लावून वाचावा, नाहीतर मेथड जेथे लिहिली आहे त्या क्लासचाच कॉन्स्टंट मिळतो.

पायरी सहावी: दोन्ही एकत्र, प्रत्येक प्रकाराची मोजणी

कोणत्या प्रकाराचे किती सभासद झाले, हे वेगवेगळे मोजायचे आहे आणि दाखल क्रमांक मात्र अखंड हवा आहे.

क्लास सभासद
  @@शेवटचा_क्रमांक = ०

  डेफ सेल्फ.संख्या
    @संख्या || ०
  एंड

  डेफ सेल्फ.नोंदव
    @संख्या = संख्या + १
  एंड

  डेफ इनिशियलाइझ(नाव)
    @@शेवटचा_क्रमांक += १
    @क्रमांक = @@शेवटचा_क्रमांक
    @नाव = नाव
    सेल्फ.क्लास.नोंदव
  एंड
एंड

क्लासच्या अंगणात @संख्या = ० लिहून नोंदव मध्ये @संख्या += १ करावे, असा मोह येथे होतो. मूळ क्लासपुरते ते चालते, पण पहिला बालसभासद तयार करताच प्रोग्रॅम कोसळतो, कारण ते शून्य फक्त सभासद या क्लासकडे आहे. बालसभासदाकडे निल आहे आणि निलमध्ये एक मिळवता येत नाही. म्हणून शून्याची सोय मेथडमध्ये केली आहे.

दोन सभासद आणि तीन बालसभासद केले, तर सभासद.संख्या २ येते, ५ नाही. बालसभासद हाही सभासदच असल्याने काहींना हे खटकते. एकूण आकडा हवा असेल तर तो @@ कडे आहेच. सबक्लासने स्वतःचे इनिशियलाइझ लिहिले आणि त्यात सुपर म्हणायचे राहिले, तर ना क्रमांक मिळतो ना मोजणी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

खऱ्या वाचनालयासाठी मात्र दाखल क्रमांक असा ठेवू नये. @@ असो वा क्लासचा @, दोन्ही चालू प्रोसेसच्या स्मृतीत राहतात. प्रोग्रॅम बंद करून सुरू केला की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो, आणि वेब सर्व्हरच्या चार प्रोसेस असतील तर चार स्वतंत्र मालिका चालू होतात. असा क्रमांक डेटाबेसनेच द्यावा. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, असतील, तर += ही क्रिया वाचणे, मिळवणे आणि लिहिणे अशा तीन टप्प्यांची असल्याने दोन थ्रेडना एकच आकडा मिळू शकतो; तेथे म्यूटेक्सचे कुलूप लावावे लागते.

पायरी सातवी: आत काय आहे, ते उघडून पाहा

शंका आली की तर्क लढवत बसण्यापेक्षा रुबीला विचारावे. सभासद.क्लास_व्हेरिएबल्स ही मेथड त्या क्लासला दिसणाऱ्या सर्व @@ ची यादी देते, वारशाने आलेल्यांसह. तिला फॉल्स दिले, तर फक्त त्याच क्लासची देते. सभासद.इन्स्टन्स_व्हेरिएबल्स ही क्लासच्या स्वतःच्या @ ची यादी देते. हीच दुसरी मेथड एखाद्या ऑब्जेक्टवर चालवली तर त्या ऑब्जेक्टची यादी मिळते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या की चौथ्या पायरीतील मालकीचा फरक डोळ्यांना दिसतो.

@@ बाबत आणखी एक विचित्र गोष्ट पुढे कधीतरी भेटेल. @ हा सेल्फ पाहून ठरतो, पण @@ हा कोडची ओळ प्रत्यक्ष कोणत्या क्लासच्या अंगणात लिहिली आहे, हे पाहून ठरतो. त्यामुळे क्लास_इव्हॅल या, क्लासच्या वतीने कोड चालवणाऱ्या मेथडला ब्लॉक (कोडचा तुकडा) देऊन बाहेरून @@ ला हात लावायला गेलात, तर सेल्फ बदललेला असूनही @@ त्या क्लासचा मिळत नाही. तेथे क्लास_व्हेरिएबल_गेट आणि क्लास_व्हेरिएबल_सेट वापरावे.

जावातून आलेल्यांना @@ ओळखीचा वाटतो, कारण तेथील स्टॅटिक फील्डही सबक्लासमध्ये एकच असते. तरी सबक्लासमध्ये त्याच नावाचे नवे स्टॅटिक फील्ड घोषित केले तर जावा ते वेगळे धरते, रुबीचा @@ धरत नाही. पायथनमध्ये सबक्लासच्या नावाने किंमत दिली की वेगळी नोंद होते आणि न दिल्यास वडिलांची वाचली जाते. म्हणजे पायथनकर ज्याची अपेक्षा करतो, ते रुबीत पाचव्या पायरीनेच मिळते.

जुन्या कोडमधील @@ बदलताना

रुबोकॉप हे तपासणीचे साधन लावलेत, तर त्यातील स्टाइल/क्लासव्हार्स हा नियम @@ ला किंमत दिलेली दिसताच टोकतो. त्याचे ऐकून सरसकट एकेक @ खोडत सुटू नये. प्रत्येक @@ घेऊन आधी त्याला कोण कोण लिहिते ते शोधावे. एकच क्लास लिहीत असेल, सबक्लास फक्त वाचत असतील आणि सर्वांना एकच किंमत हवी असेल, तर ते सामाईकच आहे. राहू द्यायला हरकत नाही. एकाहून अधिक क्लास लिहीत असतील, तर जवळपास नक्कीच ते चुकून सामाईक झालेले आहे. मग क्लासमध्ये वाचण्याची मेथड तयार करावी, ऑब्जेक्टच्या मेथडमधील थेट वापर सेल्फ.क्लास मार्फत वळवावा, सबक्लासला किंमत नसल्यास काय व्हावे ते ठरवावे, आणि या तिन्ही गोष्टी झाल्यावरच दुसरा @ खोडावा. त्यानंतर एक छोटी चाचणी लिहावी: सबक्लासची वर्गणी बदलायची आणि मूळ क्लासची तसूभरही हलली नाही, हे तपासायचे. चाचण्या एकाच प्रोसेसमध्ये एकामागून एक चालतात, म्हणून चाचणी संपताना बदललेली वर्गणी पूर्ववत करावी. नाहीतर पुढची चाचणी १०० ऐवजी भलताच आकडा पाहून नापास होईल आणि दोष नसलेल्या कोडमध्ये आपण तो शोधत बसू.